क्रोनोग्राफची सर्व्हिस एवढी महाग का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ऑटोमॅटिक घड्याळांवर लिहिल्यापासून पत्रं आणि मेसेज येतच आहेत, आणि त्यातले बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येतात, ते म्हणजे स्टॉपवॉचवाल्या महागड्या मेकॅनिकल घड्याळांच्या, म्हणजे क्रोनोग्राफच्या, सर्व्हिसिंगचा खर्च. म्हणून यावेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त क्रोनोग्राफच घेतलेत. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्र. २०१६ मधे प्रमोशन झालं तेव्हा एका नामांकित स्विस कंपनीचा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ घेतला. आता दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतोय म्हणून कंपनीच्या सेंटरला दाखवला तर जीएसटी धरून ६० हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं. मित्राचं त्याच कंपनीचं साधं तीन काट्यांचं घड्याळ बरंच कमी पैशात झालं. एवढ्या पैशात एक चांगलं नवीन घड्याळ येतं. ही लूट नाही का? (पुणे)

लूट म्हणणार नाही मी, पण तुम्हाला धक्का बसला ते अगदी समजतं. आधी सर्व्हिस म्हणजे आत काय करतात ते बघू, कारण बऱ्याच जणांना वाटतं मागचं झाकण उघडलं, दोन थेंब तेल टाकलं, बंद केलं, झालं. तसं नसतं. मशीन केसमधून बाहेर काढतात, काटे काढतात, डायल काढतात, मग एकेक भाग सुटा करतात, अगदी शेवटच्या स्क्रूपर्यंत, ते सगळं अल्ट्रासॉनिकमधे धुतात, भिंगाखाली प्रत्येक चाकाचे दात आणि पिव्हट (आसाची टोकं) तपासतात, झिजलेलं बदलतात आणि मग परत जोडत जोडत तेल देतात. तेलही एकच नसतं. वेगात फिरणाऱ्या बारीक चाकांना पातळ तेल, जिथे वेग कमी आणि दाब जास्त तिथे जाड तेल, पॅलेटच्या खड्यांना वेगळं वंगण, ऑटोमॅटिक असेल तर मेन स्प्रिंगच्या (चावीची ताकद साठवणाऱ्या स्प्रिंगच्या) डब्याच्या आतल्या भिंतीला अजून वेगळं ग्रीस. थेंब कमी पडला तर झीज, जास्त पडला तर तेल पसरून भलतीकडे जातं.

हे झालं तीन काट्यांचं. क्रोनोग्राफमधे याच्यावर अजून एक अख्खी यंत्रणा बसवलेली असते. चालू-बंदचा हुकूम देणारं कॉलम व्हील किंवा कॅम, चालत्या मशीनला स्टॉपवॉचचा काटा जोडणारा क्लच, काटा धरून ठेवणारा ब्रेक, मिनिटं आणि तास मोजणारी चाकं, आणि शून्यावर आणणारे हॅमर. रीसेट दाबलं की काटा कुठेही असला तरी टपकन १२ वर येतो ना, तिथे आत पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा छोटा तुकडा असतो, हॅमर त्याच्यावर आपटला की तो फिरून त्याच एका जागी येऊन थांबतो. आदोल्फ निकोल नावाच्या घड्याळजीने १८४४ मधे या युक्तीचं पेटंट घेतलं आणि आजही लाखभराच्या घड्याळात आणि पन्नास लाखांच्या घड्याळात तोच बदाम आहे. मला हे काम करताना अजूनही त्या माणसाचं कौतुक वाटतं.

आता पैसे जातात कुठे तर हे सगळं नुसतं जोडून चालत नाही, जुळवावं लागतं. क्लचचं चाक दुसऱ्या चाकात किती खोल शिरावं ते ठरवावं लागतं, कमी शिरलं तर काटा सुरू होताना उडी मारतो नाहीतर सटकतो, जास्त शिरलं तर मशीन दमतं. मिनिटाचा काटा नेमका साठाव्या सेकंदाला सरकला पाहिजे. दोन्ही हॅमर आपापल्या बदामावर एकाच वेळी नीट बसले पाहिजेत. मग टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळ किती मागे-पुढे पळतंय ते मोजणाऱ्या यंत्रावर, वेगवेगळ्या पोझिशनमधे रीडिंग घ्यायचं, आधी क्रोनो बंद ठेवून, मग चालू करून. त्यानंतर काटे बसवायचे, आणि रीसेटचा फटका रोज खाणारा तो लांब सेकंदकाटा सैल बसला की काही दिवसांत १२ च्या ऐवजी १२ च्या बाजूला थांबायला लागतो. जितक्या वेळा काढला तितकं त्याचं भोक सैल होतं, म्हणून कधी कधी काटाच नवीन घ्यावा लागतो. शेवटी गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या रिंगा), पाण्याची टेस्ट, आणि मग काही दिवस घड्याळ नुसतं ठेवून बघायचं. हाताचं काम साधारण एका अख्ख्या दिवसाचं आणि ते करू शकणारी माणसं कमी. तीन काट्यांपेक्षा तिसरा हिस्सा ते निम्मं जास्त बिल येतं ते यामुळे.

कंपनीच्या पॅकेजमधे मेन स्प्रिंग, गॅस्केट, लागली तर चावी आणि बटणं, केस आणि ब्रेसलेटचं पॉलिश असं बरंच काही धरलेलं असतं, आणि ओमेगा, रोलेक्स वगैरे सर्व्हिसवर २ वर्षांची वॉरंटी देतात. वर १८ टक्के जीएसटी. मला न पटणारी गोष्ट एकच, ही रक्कम ठोक असते, तुमच्या घड्याळाला काय लागलं आणि काय नाही याने फारसा फरक पडत नाही. म्हणून काय काय बदललं ते लिहून मागा, मागायला अजिबात लाजू नका, आणि पॉलिश नको असेल तर आधीच तसं एस्टिमेटवर लिहून घ्या. तुमचं घड्याळ २०१६ चं, अर्धा मिनिट मागे पडतंय, म्हणजे आतलं तेल संपलेलं किंवा घट्ट झालेलं असणार. सर्व्हिस करावीच लागेल. ती कंपनीकडेच करावी का, हे पुढच्या उत्तरात येतंय.

प्र. आमच्या इथे एक जुने घड्याळजी आहेत, वडिलांपासूनची ओळख, हात चांगला आहे. ते म्हणतात कंपनीच्या तिसऱ्या हिश्शात करून देतो. द्यावं का? (नाशिक)

तुम्ही घड्याळाचा ब्रँड लिहिलाय पण आत कुठलं मशीन आहे ते लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. डायलवरचं नाव बघून सर्व्हिसचा खर्च ठरत नाही, आतलं मशीन बघून ठरतो, कारण मशीनवरून ठरतं की ते कोण उघडू शकतो आणि त्याला पार्ट मिळणार आहेत का.

आत व्हालजू ७७५० असेल तर निश्चिंत द्या. १९७० च्या दशकात आलेलं हे मशीन इतक्या कंपन्यांनी वापरलंय की मोजत बसू नये, टिसो, हॅमिल्टन, टॅग हॉयर, ब्राइटलिंग, आयडब्ल्यूसी, जुने ट्युडर, सगळ्यांनी कधी ना कधी, कोणी जसंच्या तसं तर कोणी सजवून. कॉलम व्हीलच्या ऐवजी कॅम, जाडजूड, दणकट, जगातल्या जवळजवळ प्रत्येक शिकलेल्या घड्याळजीच्या हाताखालून गेलेलं. हाताला घातल्यावर मनगट झटकलं की आतलं वजन गरगर फिरल्याचं जाणवतं ना, तीच त्याची खूण, कारण ते एकाच दिशेने चावी भरतं आणि उलट्या दिशेने मोकळं फिरतं. पेटंट केव्हाच संपलंय, सेलिटाचं एसडब्ल्यू५०० हे त्याचंच जुळं भावंड, बरेच पार्ट एकमेकांना चालतात. म्हणजे पार्टचा प्रश्न सुटला, राहिला फक्त हात, आणि तो तुमच्या घड्याळजींचा चांगला आहे असं तुम्हीच म्हणताय.

पण कंपनीचं स्वतःचं, दुसरीकडे कुठेच न मिळणारं मशीन असेल तर गोष्ट वेगळी. २०१५ संपलं तेव्हापासून स्वॉच ग्रुपने स्वतंत्र होलसेलरना सुटे भाग देणं बंद केलं, आणि या ग्रुपमधे ओमेगा, लाँजिन, टिसो, हॅमिल्टन आणि मशीन बनवणारी एटा अशा सगळ्या आल्या. रोलेक्सचे पार्टही फक्त त्यांनी मान्य केलेल्यांनाच मिळतात. म्हणजे तुमच्या घड्याळजींचा हात सोन्याचा असला तरी एक झिजलेलं चाक बदलायला त्यांच्याकडे चाकच नाही, मग एकतर जुन्या मोडक्या घड्याळातून काढून घालतील किंवा झिजलेलंच परत बसवतील. दोष त्यांचा नाही, पण घड्याळ तुमचं आहे. हे धोरण मला मुळीच आवडत नाही, आयुष्यभर या कामात घालवलेल्या माणसांना एका फटक्यात बाहेर ठेवलं गेलं आणि गिऱ्हाइकाला दुसरं दारच उरलं नाही.

त्यांना सरळ विचारा, या मशीनचे पार्ट तुमच्याकडे कुठून येतात? पूर्ण उघडणार की फक्त वरून धुवून तेल देणार? टायमिंग मशीनचं रीडिंग आधीचं आणि नंतरचं दाखवाल का, क्रोनो चालू ठेवून सुद्धा? पाण्याची टेस्ट करायची सोय आहे का? जुने पार्ट परत देणार का? खरा कारागीर या प्रश्नांवर चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं की समोरच्याला कळतंय. "कशाला एवढी चौकशी, विश्वास ठेवा" असं उत्तर आलं तर घड्याळ खिशात घालून घरी या.

प्र. सेकंडहँड ओमेगा स्पीडमास्टर रिड्यूस्ड घेतलं, मूळ स्पीडमास्टरपेक्षा, म्हणजे मूनवॉचपेक्षा, बरंच स्वस्त मिळालं म्हणून. आता रीसेट केलं की मिनिटाचा काटा शून्यावर येत नाही. दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनीही "याचं मॉड्यूल बदलावं लागेल" म्हणून हात वर केले. मॉड्यूल म्हणजे काय, आणि ते दुरुस्त का होत नाही? (ठाणे)

ज्यांनी हात वर केले त्यांनी तुमच्याशी प्रामाणिकपणाच केला म्हणायचा. रिड्यूस्ड दिसायला मूनवॉचचा धाकटा भाऊ, पण आतून दोघांचं नातं नाही. मूनवॉचमधे चावीवर चालणारं, पहिल्यापासून क्रोनोग्राफ म्हणूनच बनवलेलं मशीन असतं. १९८८ मधे आलेल्या रिड्यूस्डमधे खाली एटाचं साधं ऑटोमॅटिक मशीन आणि त्याच्यावर डायलच्या बाजूने दुबुआ देप्राज या कंपनीची क्रोनोग्राफची पातळ प्लेट बसवलेली आहे, तीच मॉड्यूल. ओळखायची खूण सोपी, घड्याळ कडेने धरून बघा, चावी आणि दोन बटणं एका रेषेत नाहीत, चावी जरा खाली आहे, कारण ती खालच्या मशीनची आहे आणि बटणं वरच्या प्लेटची.

दुरुस्तीत अडचण अशी की खालचं मशीन कोणीही सर्व्हिस करेल, पण मॉड्यूल उघडून दुरुस्त करायला फार थोडे जण तयार होतात. भाग फार बारीक, पातळ पत्र्यासारखे, सुटे मिळायला त्रास, म्हणून धंद्यात सरळ अख्खं मॉड्यूल बदलायची पद्धत पडली. तो खर्च मोठा असतो आणि सेकंडहँड घेताना कोणी सांगत नाही. तुमच्या बाबतीत मात्र लगेच मॉड्यूल बदलायच्या मागे लागू नका. मिनिटाचा छोटा काटाच सैल झालेला असू शकतो किंवा आत वंगण सुकून हॅमर पूर्ण खाली बसत नसेल, दोन्ही गोष्टी बदलीशिवाय होण्यासारख्या आहेत. मॉड्यूल उघडायचा अनुभव असलेला माणूस शोधा, मुंबईत आणि पुण्यात असे कारागीर आहेत, फक्त विचारताना "क्रोनोग्राफ करता का" असं नको, "दुबुआ देप्राज उघडता का" असं विचारा. उत्तरावरूनच कळेल. तोपर्यंत क्रोनो वापरू नका, वेळ बघायला घड्याळ चालू द्या.

प्र. दर ५ वर्षांनी सर्व्हिस केलीच पाहिजे का? घड्याळ टाइम बरोबर दाखवतंय. (कोल्हापूर)

ओमेगा ५ ते ८ वर्षं म्हणते, रोलेक्स साधारण १० वर्षं. रोज हातात असेल, घाम, पाणी, धूळ लागत असेल तर अलीकडचा आकडा धरा, अधूनमधून घालत असाल तर पलीकडचा. टाइम बरोबर दाखवतंय हा पुरावा मात्र पुरेसा नाही, तेल सुकलेलं घड्याळही बराच काळ बरोबर चालतं, फक्त आत धातूवर धातू घासत असतो आणि मग सर्व्हिसच्या बिलात चाकांची किंमत जोडली जाते. वर्षा-दोन वर्षांनी ओळखीच्या माणसाकडून टायमिंग मशीनवर अँप्लिट्यूड, म्हणजे आतलं बॅलन्सचं चाक किती अंश झुलतंय ते, बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. पूर्ण चावी भरलेलं निरोगी मशीन साधारण २७० ते ३०० अंशांच्या आसपास असतं, ते २२० च्या खाली यायला लागलं की समजायचं वेळ आली.

प्र. पावसात भिजल्यावर काचेच्या आतून वाफ धरली, दोन दिवसांनी आपोआप गेली. आता ठीक आहे ना? (रत्नागिरी)

नाही. वाफ गेली म्हणजे पाणी गेलं असं नाही, ते मशीनवर बसलं. आजच्या आज कोणाकडून तरी मागचं झाकण उघडून सुकवून घ्या, कंपनीच्या सेंटरची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यातली असेल तर थांबू नका, आधी सुकवा, मग सेंटर. कोकणातल्या दमट हवेत स्टीलच्या बारीक भागांना गंज धरायला फार दिवस लागत नाहीत आणि गंजलेल्या क्रोनोग्राफचं बिल साध्या सर्व्हिसच्या दुपटीवर सहज जातं. साध्या घड्याळाला पाणी शिरायला चावीचं एक भोक असतं, क्रोनोग्राफला बटणांची दोन अजून, त्यामुळे बटणांचे गॅस्केट म्हातारे झाले की पाणी तिथूनच येतं. दर पावसाळ्याच्या आधी पाण्याची टेस्ट करून घेत जा, तिला अगदी थोडे पैसे पडतात. आणि ओल्या हाताने बटणं दाबायची नाहीत.

प्र. वडील मर्चंट नेव्हीत होते. त्यांचं साठच्या दशकातलं चावीचं स्टॉपवॉच घड्याळ कपाटात मिळालं. वरचं बटण दाबलं की काटा सुरू होतो पण त्याच बटणाने थांबत नाही, म्हणून दुकानदार म्हणाला मशीन बिघडलंय, सगळं खोलावं लागेल, डायलही पिवळं पडलंय ते नवीन रंगवून देतो, केस चकाचक पॉलिश करून देतो. खर्च परवडेल, पण घाई नको म्हणून विचारते. (छत्रपती संभाजीनगर)

ताई, घाई केली नाहीत ते फार बरं केलंत. आधी एक करून बघा, काटा चालू असताना वरचं नाही, खालचं बटण हळूच एकदा दाबा. काटा थांबला, आणि परत खालचंच दाबल्यावर शून्यावर आला, तर मशीन बिघडलेलं नाही, ते तसंच आहे. लॅन्डेरॉन ४८ नावाचं मशीन १९३७ पासून पुढे तीसेक वर्षं असंख्य छोट्या-मोठ्या स्विस ब्रँडच्या नावाखाली विकलं गेलं, त्यात वरचं बटण फक्त सुरू करायला आणि खालचं थांबवायला व शून्यावर आणायला. आजच्या घड्याळांची सवय असलेल्या माणसाला वाटतं खराब झालं, आणि जोर लावून वरचं बटण दाबत बसलं की मग खरंच खराब होतं. खालचं बटण दाबूनही हललं नाही तर थांबा, जोर लावू नका, आत वंगण सुकलेलं असेल.

डायल रंगवू नका. केस पॉलिश करू नका. मी हे हात जोडून सांगतोय, कारण अशी घड्याळं रंगवून, घासून आलेली बघितली की फार वाईट वाटतं. जुन्या क्रोनोग्राफमधे जवळजवळ सगळी किंमत मूळ डायल, मूळ काटे आणि केसच्या मूळ कडा यांच्यात असते. मुंबईत रंगवलेल्या डायलना जगभरातले संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणून लांबूनच ओळखतात आणि भाव पाडतात. २०१७ मधे न्यूयॉर्कच्या लिलावात हॉलिवूडचा नट पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना, तेही क्रोनोग्राफच, १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं, त्यात त्या नटाच्या नावाचा वाटा मोठा हे खरं, पण तशाच डायलची इतरांची डेटोनाही साध्या डायलवाल्यांपेक्षा कितीतरी पटीने महाग जातात, आणि ती डायल्स त्या काळी फारशी कोणाला हवी नव्हती. तुमच्या वडिलांचं घड्याळ तेवढ्या किमतीचं नसेल, पण ते त्यांच्या हातातलं आहे, ते पिवळेपण समुद्रावरच्या उन्हातलं आहे, ते पुसून काय मिळवायचं?

तर काम एवढंच सांगा, मशीन पूर्ण उघडून स्वच्छ करणं, तेल, लागली तर मेन स्प्रिंग, आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही असं पावतीवर लिहून घ्या, आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा. या मशीनचे नवीन पार्ट मिळत नाहीत, दुसऱ्या जुन्या घड्याळांतूनच काढतात, म्हणून एखादा पार्ट लागला तर थोडं थांबावं लागेल. अंधारात चमकणारा रंग काट्यांवर असेल तर तो त्या काळातला रेडियमचाही, म्हणजे किरणोत्सर्गी, असू शकतो, काच घरी उघडू नका, आणि जो उघडणार आहे त्याला हे आधी सांगा.

प्र. काका, माझ्याकडे नवीन क्रोनोग्राफ आहे, मला सेकंदाचा मोठा काटा फिरताना बघायला आवडतो म्हणून स्टॉपवॉच दिवसभर चालूच ठेवतो. त्याने सर्व्हिस लवकर करावी लागेल का? (नवी मुंबई)

क्लच कुठला आहे त्यावर आहे. मूनवॉचसारख्या घड्याळात आडवा क्लच, म्हणजे एक चाक बाजूने येऊन दुसऱ्याच्या दातांत शिरतं, तिथे क्रोनो चालू केला की अँप्लिट्यूड २०-४० अंशांनी खाली येतो, दिवसभर चालू म्हणजे दिवसभर जास्तीचा भार आणि जास्तीची झीज. २००० मधे आलेलं डेटोनाचं ४१३० किंवा २००९ चं ब्राइटलिंगचं बी०१ या मशीनांमधे उभा क्लच, तिथे चकत्या एकमेकींवर दाबून फिरतात, दात दातांत शिरायचा प्रश्नच नाही, त्यामुळे चालू ठेवलं तर फारसं बिघडत नाही. पण मिनिटाची आणि तासाची चाकंही सोबत फिरतात हे विसरू नको, आणि उभा क्लच खराब झाला तर बऱ्याचदा अख्खा बदलतात, तो स्वस्त नसतो. आनंद घे, पण झोपताना बंद करत जा. आणि चालू असताना रीसेटचं बटण जोर लावून दाबायचं नाही, आधी थांबव मग रीसेट, फ्लायबॅक, म्हणजे चालू असतानाच रीसेट करता येणारं घड्याळ, असेल तरच सरळ दाबायचं.

प्र. मी न्यू जर्सीत असतो. इथे ओमेगाच्या सर्व्हिसचे फार पैसे सांगतात. डिसेंबरमधे ३ आठवड्यांसाठी पुण्याला येतोय, तिकडे स्वस्तात होईल का?

कंपनीकडेच करायची तर फार फरक पडणार नाही. अमेरिकेत स्टीलच्या मेकॅनिकल क्रोनोग्राफला तिथे ८०० ते १००० डॉलरच्या आसपास पडतात, इथे रुपयांत हिशोब करून बघा, जवळपास तिथेच येतं. मोठी अडचण वेळेची आहे, पार्ट मागवायला लागला तर ३ आठवडे पुरत नाहीत, आणि घड्याळ इथे अडकलं तर नंतर कुणाच्या तरी हाती पाठवायचं म्हणजे कस्टम्सची कटकट. आत ७७५० असतं आणि ओळखीचा चांगला कारागीर असता तर मी "आणा" म्हणालो असतो.

प्र. घड्याळ अचानक दिवसाला ५ मिनिटं पुढे पळायला लागलं. सेंटरवाले पूर्ण सर्व्हिस म्हणतात. दोन वर्षांपूर्वीच केली होती. (सोलापूर)

आधी चुंबक तपासा. अचानक आणि पुढे, हे दोन शब्द एकत्र आले की पहिला संशय चुंबकाचाच, घड्याळाचा ठोका ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळतं. फोनचं चुंबकवालं कव्हर, पर्सचं बटण, लॅपटॉप, स्पीकर, काहीही पुरतं. मोबाइलमधलं होकायंत्र सुरू करून घड्याळ जवळ नेलं आणि सुई हलली तर खात्रीच. डीमॅग्नेटाइझ करायला एक मिनिट लागतं, बरेच घड्याळजी पैसेही घेत नाहीत. त्यानेही थांबलं नाही तर मग वॉरंटीची पावती घेऊन सेंटरला जा, दोन वर्षं पूर्ण झालीत का ते तारीख लावून बघा, एखादा आठवडा उरला असेल तर आजच जा.

प्र. पहिला मेकॅनिकल क्रोनोग्राफ घ्यायचाय, बजेट दोन-अडीच लाख, सेकंडहँड चालेल. पुढे सर्व्हिसने कंबरडं मोडू नये असा कुठला? (नागपूर)

हा प्रश्न घ्यायच्या आधी विचारणारे फार कमी, म्हणून मनापासून उत्तर देतो. ७७५० किंवा त्याचं सेलिटा भावंड असलेलं काहीही घ्या, ब्रँड तुमच्या आवडीचा. दिसायला कॉलम व्हीलचं मशीन जास्त देखणं, बटण दाबल्यावर हाताला लोण्यासारखं लागतं हे खरंय, पण त्यासाठी पुढची वीस वर्षं जास्त बिल भरायची तयारी हवी. मॉड्यूलवालं सेकंडहँड घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. चावी आणि बटणं एका रेषेत नसतील तर आधी मशीनचं नाव विचारा, मगच भाव बोला.

झेनिथ एल प्रिमेरोचा मोह झाला तर तेही सांगतो, १९६९ चं मशीन, तासाला ३६,००० ठोके, माझं अत्यंत आवडतं. सत्तरच्या दशकात बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत कंपनीने हे मशीन बंद करायचं ठरवलं तेव्हा शार्ल व्हेर्मो नावाच्या तिथल्याच कारागिराने त्याची हत्यारं आणि नकाशे स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावातल्या कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले म्हणून ते आज आहे. पण एवढ्या वेगाला वंगणही वेगळं लागतं आणि हातही त्यात मुरलेला लागतो. रोलेक्सने १९८८ मधे डेटोनासाठी हेच मशीन घेतलं तेव्हा वेग २८,८०० वर आणला, वेग कमी तर झीज कमी. घ्यायचं असेल तर जरूर घ्या, फक्त सर्व्हिस कंपनीकडेच होणार हे धरून घ्या.

भारत आणि स्वित्झर्लंड वगैरे एफ्टा या व्यापारी गटातल्या देशांचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, म्हणून नवीन घड्याळं थोडी उतरतील अशी आशा आहे. सर्व्हिसचं बिल त्याने फारसं उतरेल असं मला वाटत नाही, त्यात मोठा भाग मजुरीचा असतो.

सेकंडहँड घेताना शेवटच्या सर्व्हिसची पावती मागा. पावती नसेल तर "नुकतीच केलीये" या शब्दाला शून्य किंमत द्या आणि पूर्ण सर्व्हिसचे पैसे भावातून कमी करून बोला. दुकानातच क्रोनो सुरू करून अर्धा तास गप्पा मारत बसा, तिसाव्या मिनिटापर्यंत मिनिटं मोजणारा काटा नीट सरकतो का बघा, मग थांबवा, रीसेट करा, हे चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी काटा बरोबर १२ वर आला पाहिजे. आणि ७७५० असेल तर रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख पटकन बदलायचं बटण किंवा चावी वापरायची नाही, तारखेचे दात तुटण्याचं ते सगळ्यात नेहमीचं कारण आहे.